अंतराळातलं जेवण, पाणी आणि हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आमरस आणि गाजर हलवा घेऊन आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हापासून शाळांमधल्या माझ्या व्याख्यानांनंतर येणारे प्रश्न बदलले आहेत. आधी मुलं रॉकेटचा वेग विचारायची. आता विचारतात, "तिथे भाजी कशी करतात?", "पाणी कुठून येतं?", "खिडकी उघडता येत नाही, मग गुदमरत नाही का?" मी अन्नतंत्रज्ञान शिकवते, त्यामुळे हे प्रश्न मला फार जवळचे वाटतात. परत परत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची उत्तरं जुळवायला सोपी जातील. अंतराळात पाण्याचं चक्र आता जवळजवळ पूर्ण झालंय, हवेचं अर्ध्यावर आलंय आणि अन्नाचं चक्र अजून सुरूही झालेलं नाही म्हटलं तरी चालेल. तिथे खाल्लेला जवळजवळ प्रत्येक घास पृथ्वीवरूनच गेलेला असतो.

एका माणसाला दिवसाला किती काय लागतं?

ऑक्सिजन साधारण ८४० ग्रॅम. अन्न पॅकिंगसकट सुमारे १.८ किलो. पाणी पिण्याला, जेवण भिजवायला आणि अंग पुसायला मिळून पावणेचार लिटरच्या आसपास. माणूस त्या बदल्यात रोज साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, शिवाय लघवी, विष्ठा, आणि श्वास-घामातून बाहेर पडणारी बरीच वाफ.

स्थानकावर एरवी सात माणसं असतात. त्यांच्या पाण्याचा हिशेब करा: दिवसाला सव्वीस लिटर, वर्षाला साडेनऊ टन. जमिनीपासून ४०० किलोमीटर वर सामान न्यायला किलोमागे हजारो डॉलर पडतात. एवढं पाणी दरवर्षी टँकरसारखं वर नेणं परवडणारं नाही, म्हणून तिथे पाणी टाकून देण्याची सोयच ठेवलेली नाही.

ते लोक लघवीचं पाणी पितात, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. वर्गात इथे हमखास "शी!" असा आवाज येतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

लघवी ओढून घेतली की तिच्यात आधी आम्ल आणि एक रसायन मिसळतात, म्हणजे जंतू वाढत नाहीत आणि अमोनियाचा वास सुटत नाही. मग ती उर्ध्वपातनाच्या यंत्रात जाते. आपण घरी पाणी उकळलं की वाफ आपोआप वर जाते. अंतराळात "वर" असं काही नसतं. बुडबुडे पाण्यातच अडकून राहतात. म्हणून तिथलं उर्ध्वपातन गरगर फिरणाऱ्या पिंपात करतात. फिरण्यामुळे द्रव पिंपाच्या भिंतीला पातळ थरासारखा चिकटतो, दाब कमी ठेवल्याने कमी उष्णतेतच वाफ सुटते आणि ती वेगळी काढून थंड करता येते.

हे पाणी पुढे घाम आणि श्वासाच्या वाफेपासून जमवलेल्या पाण्यात मिसळतं. स्थानकावरची हवा थंड पृष्ठभागांवरून फिरवून तिच्यातलं बाष्प गोळा करतात, थंडगार तांब्याच्या बाहेर पाणी जमतं तसंच. मग गाळण्या, मग रसायनं शोषून घेणारे थर, मग उष्णता आणि ऑक्सिजनच्या मदतीने उरलेली सेंद्रिय द्रव्यं जाळणारी भट्टी. शेवटी संवेदक पाणी तपासतात. मापात बसलं नाही तर ते पाणी पुन्हा पहिल्यापासून फिरवलं जातं. पिण्याआधी साठवताना त्यात आयोडीन घालतात. रशियन भागातल्या पाण्यात त्याऐवजी चांदीचे आयन असतात.

उर्ध्वपातनानंतर तळाशी एक दाट, खारट, तपकिरी द्रव उरतो. बरीच वर्षं तो वायाच जायचा. २०२१ मध्ये त्याच्यासाठी वेगळं यंत्र वर गेलं. विशेष पडद्याच्या पिशवीत हा द्रव भरून त्यावरून उबदार कोरडी हवा सोडतात. वाफ बाहेर पडते, घाण पिशवीतच राहते. २०२३ मध्ये नासाने जाहीर केलं की पाण्याची पुनर्प्राप्ती ९८ टक्क्यांवर पोचली आहे. आधी ती ९३-९४ टक्के होती. चार-पाच टक्क्यांचा फरक किरकोळ वाटेल, पण वाया जाणारं पाणी शंभरात सहा-सात लिटरवरून दोनवर आलं. मंगळाच्या लांबच्या प्रवासात या फरकाचं वजन टनांत भरतं.

किळस वाटणाऱ्यांसाठी एवढंच: आपल्या नदीतलं पाणीही वरच्या गावाने वापरून खाली सोडलेलं असतं. पृथ्वी हेच चक्र ऊन, ढग आणि माती वापरून चालवते. स्थानकावर ते काम कपाटाएवढ्या काही यंत्रांना करावं लागतं.

आणि विष्ठा?

तिच्यातलं पाणी अजून काढून घेत नाहीत. हवेच्या झोताने ओढून ती पिशव्यांत आणि डब्यांत बंद करतात. कचऱ्याबरोबर ती मालवाहू यानात भरली जाते आणि ते यान परतीच्या वाटेवर वातावरणात जळून जातं.

पाण्याचं यंत्र बंद पडलं तर?

पडतं, आणि या विषयातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे.

सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ मधल्या उड्डाणाच्या तयारीत असताना स्थानकावरच्या लघवी शुद्धीकरण यंत्राचा पंप निकामी झाला. पंप आला नाही तर लघवी साठवून ठेवण्याची वेळ येणार होती. नवा पंप त्यांच्याच यानातून पाठवायचं ठरलं आणि वजनाची जागा करायला दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या गेल्या. आठवड्याभराची म्हणून ठरलेली त्यांची फेरी मार्च २०२५ पर्यंत लांबली, हे सगळ्यांना माहीत आहे. ती स्वतःच्या कपड्यांशिवाय सुरू झाली होती, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. वजनरहित अवस्थेत हाडांवर भार पडत नाही, म्हणून हाडांतलं कॅल्शियम झिजून लघवीत उतरतं. जमिनीवर चाचण्या झाल्या तेव्हा लघवी जमिनीवरच्या माणसांची होती. प्रत्यक्ष स्थानकावर, २००९ च्या सुमारास, जास्तीच्या कॅल्शियमची आम्लातल्या सल्फेटशी गाठ पडली आणि यंत्रात कॅल्शियम सल्फेटचा थर बसला. बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये क्षार धरतो ना, तसाच. मग काही काळ यंत्राकडून कमी पाणी काढून घ्यावं लागलं आणि पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरायला सुरुवात झाली. माणसाच्या हाडांनी यंत्र तुंबवलं! शरीरशास्त्र आणि प्लंबिंग हे दोन विषय तिथे वेगळे ठेवता येत नाहीत.

ऑक्सिजन कुठून येतो? झाडांपासून का?

नाही. पाण्यापासून. पाण्यातून वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. शाळेच्या प्रयोगशाळेतला हा प्रयोग स्थानकावर सौरऊर्जेच्या विजेवर चालतो. एक लिटर पाण्यातून जवळजवळ ८९० ग्रॅम ऑक्सिजन मिळतो, म्हणजे एका माणसाच्या दिवसाच्या श्वासाला साधारण एक लिटर पाणी. वर जे लघवीचं पाणी शुद्ध केलं, त्यातलं काही प्यायलं जातं आणि काही असं श्वासात जातं.

आणीबाणीसाठी टाक्या असतात आणि "ऑक्सिजन मेणबत्त्या" नावाचे डबेही. त्यांतलं लिथियम परक्लोरेट तापलं की ऑक्सिजन सोडतं आणि एक डबा एका माणसाला साधारण दिवसभर पुरतो. फेब्रुवारी १९९७ मध्ये रशियाच्या मीर स्थानकावर अशाच एका डब्याने पेट घेतला आणि आत सहा माणसं असताना सगळीकडे धूर भरला. सगळे वाचले.

मग हायड्रोजनचं काय करतात?

आधी तो बाहेर सोडून द्यायचे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी शतकापूर्वी दाखवून दिलं होतं की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र तापवले, सोबत योग्य उत्प्रेरक असला, तर मिथेन आणि पाणी मिळतं. २०१० मध्ये ही प्रक्रिया करणारं यंत्र स्थानकावर गेलं, २०१८ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचा आणखी एक संच गेला. त्यामुळे उच्छ्वासातून पुन्हा पाणी मिळतं आणि त्या पाण्यातून पुन्हा ऑक्सिजन.

पण मिथेन बाहेर फेकला जातो आणि निम्मा हायड्रोजन त्याच्यासोबत निघून जातो. हायड्रोजन संपला की प्रक्रिया थांबते. हवेचं चक्र अर्ध्यावर अडलंय असं सुरुवातीला म्हटलं, ते यामुळे.

ऑक्सिजन संपून माणसं मरतील ही सगळ्यात मोठी भीती असेल ना?

हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. आधी मारतो तो कार्बन डायऑक्साइड.

साधा हिशेब बघा. स्थानकात हवा भरलेली जागा सुमारे १,००० घनमीटर आहे, म्हणजे ऑक्सिजन २८० किलोच्या आसपास. सगळी यंत्रं बंद पडली आणि सात माणसांनी रोज सहा किलो वापरला, तर २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर यायला दहा-अकरा दिवस लागतील. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड मात्र चारेक दिवसांतच दोन टक्क्यांच्या घरात जाईल. त्या पातळीला डोकं ठणकतं, धाप लागते, विचार गढुळतात. आणि नेमकं तेव्हाच यंत्र दुरुस्त करायचं असतं.

म्हणून हवा झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांतून फिरवतात. हे खडे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात आणि तापवले की सोडतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा वापरता येतात. एवढं करूनही स्थानकावर हा वायू पृथ्वीवरच्या हवेच्या जवळजवळ दहापट असतो आणि डोकेदुखीच्या तक्रारी येतात.

एप्रिल १९७० मधली अपोलो १३ ची हकिकत हीच आहे. ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाल्यावर तिघांनी चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानाचा आसरा घेतला. ते यान दोघांसाठी आणि जेमतेम दोन दिवसांसाठी बनवलेलं होतं. ऑक्सिजन होता, पण कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे अपुरे पडत होते. मुख्य यानात डबे पडून होते. ते चौकोनी आणि इथली भोकं गोल! जमिनीवरच्या अभियंत्यांनी यानात जे सामान होतं तेवढंच टेबलावर घेतलं: प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा, पोशाखाची नळी, चिकटपट्टी. त्यातून जोडणी बनवली आणि रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली.

यानात शुद्ध ऑक्सिजनच का भरत नाहीत?

आगीमुळे. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ ची जमिनीवर चाचणी चालू होती, कुपीत शुद्ध ऑक्सिजन होता. ठिणगी पडली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी यांना बाहेर पडता आलं नाही. आज स्थानकावर समुद्रसपाटीला असते तशीच हवा असते, तेवढाच दाब, बहुतांश नायट्रोजन.

तिथे सतत पंख्यांचा आवाज का येतो?

गरम हवा वर जाते आणि थंड खाली येते, हे गुरुत्वाकर्षणामुळे. ते जाणवत नसेल तर हवा आपणहून हलत नाही. पंखा बंद असलेल्या कोपऱ्यात कोणी झोपलं तर त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचत जातो. म्हणून झोपण्याच्या खणातही वारा खेळता ठेवतात.

अजूनही ट्यूबमधून जेवतात का?

ती १९६१-६२ ची गोष्ट. युरी गागारिनने ट्यूबमधून मांसाचं वाटण खाल्लं, जॉन ग्लेनने सफरचंदाचा गर. अंतराळात गिळता येईल का, हीच तेव्हा शंका होती.

आज बहुतेक जेवण दोन प्रकारचं असतं. एक, गोठवून वाळवलेलं: पदार्थ गोठवतात आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करून काढून घेतात. पाकिटात गरम पाणी सोडलं की पदार्थ पुन्हा फुलतो. दुसरं, पाकिटात बंद करून दाबाखाली शिजवलेलं, म्हणजे आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी रेडी-टू-ईट राजमा-पालकाची पाकिटं ज्या पद्धतीने बनतात तेच. मांसाचे काही पदार्थ विकिरणाने निर्जंतुक करतात. सगळं साध्या तापमानाला टिकणारं, कारण जेवणासाठी घरच्यासारखा मोठा फ्रीज तिथे नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक जोड नेहमी दाखवते. १९६० च्या दशकात अंतराळवीरांना अन्नातून विषबाधा होता कामा नये, म्हणून पिल्सबरी कंपनी आणि नासाने एक पद्धत बसवली: तयार मालातले नमुने तपासत बसण्यापेक्षा धोका कुठल्या पायरीवर शिरतो ते शोधा आणि ती पायरी पक्की करा. तीच पुढे "हॅसप" झाली. आज आपल्याकडच्या दूध डेअरीपासून कोळंबी निर्यात करणाऱ्या कारखान्यापर्यंत तिचेच तक्ते भिंतीवर लावलेले असतात.

भाकरी, पोळी, वरणभात, चिवडा यांतलं काय चालेल?

पोळी उत्तम. भाकरी नाही, चिवडा तर मुळीच नाही.

अडचण कणांची आहे. चिवड्याचा एक पोहा सुटला की तो खाली पडत नाही, तरंगतो आणि डोळ्यात, नाकात किंवा यंत्राच्या जाळीत जातो. १९६५ मध्ये जॉन यंगने जेमिनी ३ मध्ये खिशातून चोरून मांसाचं सँडविच नेलं. पावाचा चुरा उडायला लागल्यावर ते लगेच परत ठेवावं लागलं आणि अमेरिकी संसदेच्या समितीपर्यंत त्याची चर्चा गेली. १९८५ मध्ये मेक्सिकोचा रोदोल्फो नेरी वेला टॉर्टिया घेऊन गेला आणि पावाचा प्रश्न मिटला. टॉर्टिया म्हणजे आपल्या पोळीची बहीणच: चुरा होत नाही, गुंडाळता येते, एका हातात मावते. तेव्हापासून तीच पसंतीची आहे.

वरणभात दाट असेल तर चालेल. ओलसर पदार्थ पृष्ठताणामुळे चमच्याला आणि पाकिटाला चिकटून राहतो. ताकासारखं पातळ असेल ते नळीनेच प्यायचं. मीठ वरून भुरभुरता येत नाही, म्हणून ते पाण्यात विरघळवलेलं असतं आणि मिरपूड तेलात.

फोडणी देता येईल?

नाही. तडतडणारी मोहरी आणि तेलाचे थेंब चारी दिशांना जातील, आणि बंद घरात धूर कोणालाच नको असतो. तिथे पाकीट गरम करतात, स्वयंपाक करत नाहीत. एक छोटा प्रायोगिक ओव्हन २०१९ मध्ये वर गेला आणि त्यात बिस्किटं भाजली. एकेका बिस्किटाला दोन तासांपर्यंत वेळ लागला.

जेवणाची चव लागते का?

अनेक अंतराळवीर सांगतात की चव बोथट होते. शरीरातलं पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, नाक चोंदल्यासारखं होतं. सर्दी झाल्यावर आपल्यालाही लोणचं हवंसं वाटतं. तिथेही तिखट सॉस आणि नाकात झणझणणाऱ्या हॉर्सरॅडिशचं कोळंबी कॉकटेल लोकप्रिय आहे. शिवाय गरम पदार्थाचा वास आपल्याकडे वाफेबरोबर वर येतो. तिथे तो पाकिटातच राहतो.

चवीचा प्रश्न लाडाचा नाही. कंटाळून माणसं कमी खातात, वजन घटतं, आणि घटत्या वजनाबरोबर हाडं-स्नायूही लवकर झिजतात.

त्यांच्या आहारात वेगळं काय असतं?

ड जीवनसत्त्व वेगळं द्यावं लागतं, कारण ऊन अंगावर घेता येत नाही. लोह बेताने. मीठही, कारण जास्त सोडियम हाडांना घातक ठरतं. त्यासाठी नासाने मेनूतले डझनावारी पदार्थ नव्याने बसवले.

शाकाहारी माणसाचंही भागतं: बीन्स, भात, भाज्या, सुकामेवा असतो, आणि काही पदार्थ प्रत्येकाला स्वतःच्या पसंतीचे नेता येतात.

भारतीय जेवण कोणी बनवलं?

म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने. सियाचिनसारख्या जागी जवानांना पाठवायचं टिकाऊ जेवण ही तिची खासियत. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत संघाच्या सॅल्यूत ७ स्थानकावर गेले तेव्हा रव्याचा हलवा, आलू-छोले, व्हेज पुलाव असे पदार्थ त्यांच्यासोबत होते. गगनयानासाठीही या प्रयोगशाळेने इडली, उपमा, मुगाच्या डाळीचा हलवा असे प्रकार तयार केले आहेत.

अंतराळात नेण्याजोगी इडली बनवणं किती अवघड आहे, हे अन्नतंत्रज्ञानाच्या माणसाला लगेच कळेल. आंबलेल्या पिठाची जाळी सुकताना मोडता कामा नये आणि पाणी घातल्यावर लगदाही होता कामा नये.

तिथे काही पिकवतात का?

पिकवतात, आणि हळूहळू वाढतंय. स्थानकावरची "व्हेजी" नावाची पेटी २०१४ मध्ये बसवली. जांभळट दिव्यांखाली, मातीऐवजी भाजलेल्या चिकणमातीचे खडे आणि खत भरलेल्या छोट्या उशांत रोपं वाढतात. १० ऑगस्ट २०१५ ला स्कॉट केली, शेल लिंडग्रेन आणि किमिया युई यांनी त्यातला लाल लेट्यूस खाल्ला. पुढे झिनियाची फुलं आली, २०२१ मध्ये मिरच्या धरल्या, मग टोमॅटो.

झिनियाच्या वेळी रोपांवर बुरशी चढली होती, हवा नीट फिरत नव्हती. जमिनीवरून येणाऱ्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी घालणं चालू होतं. केलीने सांगितलं की रोप बघून मीच ठरवतो, आणि त्यानंतर ती सावरली. कुंडीतली तुळस सांभाळणाऱ्या कोणालाही हे पटेल.

पाणी हीच खरी अडचण. तिथे पाणी मुळांतून खाली निथळत नाही, मुळांभोवती गोळा होऊन बसतं आणि मुळं गुदमरतात.

आपल्याकडे इस्रोने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पीएसएलव्ही सी-६० रॉकेटबरोबर एका छोट्या पेटीतून चवळीच्या आठ बिया पाठवल्या. त्या चौथ्या दिवशी उगवल्या आणि पुढे पानंही फुटली. शुभांशु शुक्लांनी स्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणले, तो प्रयोग धारवाडच्या शास्त्रज्ञांचा. मोडांची निवड मला फार योग्य वाटते: दिवा नको, माती नको, चार दिवसांत तयार, आणि साठवलेल्या अन्नात जे आधी नाहीसं होतं ते क जीवनसत्त्व ताजं मिळतं.

मग सगळंच अन्न तिथे का उगवत नाहीत?

लेट्यूसवर पोट भरत नाही. एका माणसाच्या सगळ्या कॅलरीसाठी प्रखर कृत्रिम प्रकाशाखालची निदान चाळीसेक चौरस मीटर शेती लागेल असा अंदाज आहे, म्हणजे मुंबईतलं एक छोटं वन-बीएचके. वर दिव्यांची वीज, त्यांची उष्णता काढणं आणि पेरण्या-कापण्याचे तास.

जमिनीवर प्रयोग झाले आहेत. सायबेरियात क्रास्नोयार्स्कला १९७० च्या दशकात बायोस-३ नावाच्या बंदिस्त घरात गहू आणि शैवाल वाढवत माणसं महिनोन् महिने राहिली. बीजिंगच्या "चांद्रमहाला"त २०१७-१८ मध्ये विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी आळीपाळीने ३७० दिवस काढले.

ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ बद्दल मात्र थांबून सांगायला हवं. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ जण काचेच्या प्रचंड घरात दोन वर्षांसाठी गेले. आत शेत होतं, छोटं रान होतं, समुद्रसुद्धा. ऑक्सिजन हळूहळू उतरू लागला आणि २१ वरून १४-१५ टक्क्यांपर्यंत आला. माणसं जिना चढताना धापा टाकू लागली. सुपीक मातीतले जिवाणू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायला हवा होता, तो इमारतीचं काँक्रीट शोषत होतं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. काँक्रीटही त्या घरातला एक श्वास घेणारा रहिवासी आहे, हे कोणी धरलं नव्हतं.

मंगळावर जायचं तर किती शिदोरी लागेल?

जाऊन-येऊन साधारण तीन वर्षं. चार माणसं, हजार दिवस, रोजचे १.८ किलो: सव्वासात टन. पण वजनापेक्षा टिकाऊपणा अवघड आहे. पाकीट फुगत नाही, खराब होत नाही, तरी आतलं क आणि ब-१ जीवनसत्त्व वर्षागणिक कमी होत जातं. खायला सुरक्षित पण पोषणात रिकामं अन्न, हा माझ्या क्षेत्रापुढचा सध्याचा खरा प्रश्न आहे. फिनलंडच्या एका कंपनीसारखे काही जण हायड्रोजनवर वाढणाऱ्या जिवाणूंपासून प्रथिनांची पूड करतात. मला ती वाट आश्वासक वाटते, पण पुडीला जेवण बनवणं बाकी आहे.

चंद्रावर किंवा मंगळावरच हवा-पाणी मिळणार नाही का?

थोडं मिळेल. मंगळाची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची आहे. पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने २०२१ ते २०२३ दरम्यान १६ वेळा चालून त्यातून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला तो साडेतीन तास पुरेल, पण तिथल्या हवेतून तो काढता येतो हे सिद्ध झालं. चंद्रावर पाण्याच्या खुणा आहेत, हे २००९ मध्ये चांद्रयान-१ वरच्या उपकरणामुळे पक्कं झालं.

मातीचं चित्र तितकं चांगलं नाही. मंगळाच्या मातीत विषारी परक्लोरेट आहेत. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रमातीत फ्लोरिडात २०२२ मध्ये मोहरीच्या कुळातलं रोप उगवलं, पण खुरटलेलं.

गगनयानात हे सगळं असेल का?

नाही, आणि गरजही नाही. तीन दिवसांच्या फेरीसाठी ऑक्सिजन आणि पाणी सोबत नेणं आणि कार्बन डायऑक्साइड लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांत शोषून घेणं सोपं पडतं. चक्र चालवणारी जड यंत्रं महिन्यांच्या मुक्कामाला परवडतात. जीवनाधाराची ही व्यवस्था इस्रो स्वतःच विकसित करत आहे.

माझ्या मुलीला यात काम करायचं आहे. तिने काय शिकावं?

एरोस्पेसच हवं असं नाही. पाण्याची यंत्रं केमिकल इंजिनिअर बनवतात, जंतूंवर नजर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ठेवतात, बियांचं काम कृषी विद्यापीठांत चालतं. अन्नाकडे ओढा असेल तर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अन्न अभियांत्रिकीचा विभाग आहे, आणि म्हैसूरला संरक्षण प्रयोगशाळेशिवाय केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थाही आहे. तोवर तिला घरी मूग भिजवू द्या: एक वाटी सरळ, एक ओलं फडकं बांधून पालथी, एक पूर्ण पाण्याखाली. पाण्याखालच्यांचं काय होतं ते तिने तारीख घालून वहीत लिहावं.